सिंहस्थाआधी गोदाघाटावर सिग्नल मोजून घ्या

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

सिंहस्थाच्या तयारीच्या बातम्या आपल्या पेपरात रोज येतायत, रस्ते, पूल, घाट, साधुग्रामची जागा सगळ्यावर चर्चा चालूये, पण मोबाईल नेटवर्कचा विषय निघाला की जादा टॉवर लावू एवढ्यावरच बोलणं संपतं. ते कुठे लावणार आणि कशाच्या आधारावर ठरवणार हे कोणी विचारतच नाहीये म्हणून हे पत्र लिहितेय. मी इथेच इंजिनिअरिंगच्या मुलांना कम्युनिकेशन शिकवते, त्यामुळे हा विषय रोजचा आहे.

गोदेला पूर आला की आपण नाशिककर नदीपात्रातल्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीकडे बघतो, पाणी कमरेला लागलं की छातीला ते अख्ख्या गावाला कळतं. सिग्नलसाठी आपल्याकडे असं काहीच नाही. फोनवरच्या नेटवर्कच्या दांड्या म्हणजे माप नव्हे हो, किती सिग्नलला किती दांड्या दाखवायच्या हे प्रत्येक फोनवाला आपापलं ठरवतो, शेजारी शेजारी उभ्या दोन माणसांच्या फोनवर वेगळ्या दांड्या दिसू शकतात. खरं माप डीबीएममधे, म्हणजे एका मिलिवॅटच्या तुलनेत किती डेसिबल असं असतं आणि ते उपकरण घेऊन जागेवर जाऊनच घ्यावं लागतं.

2022 च्या लिलावात फाईव्ह-जीसाठी 700 मेगाहर्ट्झपासून 26 गिगाहर्ट्झपर्यंतचे पट्टे विकले गेले. गर्दीत खूप डेटा लागणार असेल तर वरच्या पट्ट्याचा मोह होणारच, कारण तिथे जागा भरपूर आहे. पण 26 गिगाहर्ट्झच्या लहरीची लांबी जेमतेम साडेअकरा मिलिमीटर. सारख्याच गेनचे, म्हणजे लहर एका दिशेला सारखीच एकवटणारे अँटेना धरले तर मोकळ्या जागेत, तेवढ्याच अंतरावर, 700 मेगाहर्ट्झच्या मानाने जवळपास 1400 पट कमी पॉवर पोचते. ती तूट अँटेनाचा बीम अरुंद करून भरून काढतात, पण अरुंद बीमसमोर माणूस आडवा आला की सिग्नल 20 डेसिबल किंवा त्याहूनही जास्त पडू शकतो, म्हणजे शंभरातला एकच हिस्सा उरतो. आता पर्वणीच्या दिवशी रामकुंडावर किती माणसं आडवी येणार ते तुम्हीच बघा.

यावर कंपन्यांचं उत्तर ठरलेलं असतं की आमच्याकडे प्लॅनिंगचं सॉफ्टवेअर आहे. असेल ना, पण त्या सॉफ्टवेअरमधलं मॉडेल आलं कुठून? जपानच्या ओकुमुरा यांनी टोकियो आणि आसपास गाडी फिरवून मोजमापं घेतली, 1968 मधे छापली, त्यावरून हाता यांनी 1980 मधे सूत्रं बसवली, आणि ती सूत्रं जगभर चालली पण 1500 मेगाहर्ट्झपर्यंतच. 28 गिगाहर्ट्झची गाजलेली मोजमापं न्यूयॉर्कच्या रस्त्यांवर झाली. आज मोबाईलची जागतिक मानकं ठरवणाऱ्या थ्री-जीपीपी या संघटनेचं मॉडेल 100 गिगाहर्ट्झपर्यंत चालतं, चांगलंच आहे ते, मी स्वतः मुलांना तेच शिकवते. पण त्यातले आकडे ज्या गावांत मोजले त्या गावांचे आहेत, त्यांत काळ्या दगडाच्या पायऱ्या नाहीत, भद्रकालीतल्या वाड्यांच्या जाड भिंती नाहीत, पत्र्याच्या शेड नाहीत आणि खांद्याला खांदा लावून उभी माणसं तर नाहीतच नाहीत.

गोदाघाट ही तर फार अवघड जागा आहे. दोन्ही काठांना दगड, मधे पाणी. पाणी संथ असेल तर पृष्ठभागाला घासत तिरकी आलेली लहर त्यावरून जवळपास पूर्ण परावर्तित होते, थेट आलेल्या लहरीत मिसळते, कुठे जोर वाढतो तर हातभर सरकलं की सिग्नल गायब. पाणी उसळतं असेल तर तीच लहर विखुरते. धरणातून पाणी सोडलं, पातळी वाढली की सगळं गणित बदललं. हे मोजायला चॅनेल साऊंडर लागतो, म्हणजे एका टोकाकडून ओळखीचा सिग्नल सोडायचा, दुसऱ्या टोकाला तो किती वाटांनी, किती उशिरा आणि कुठल्या दिशेने येतो ते नोंदवायचं. 400 मेगाहर्ट्झची बँडविड्थ, म्हणजे तेवढा रुंद पट्टा वापरला तर पाऊण मीटरच्या फरकाच्या वाटाही वेगळ्या दिसतात.

पावसाची भीती मात्र जरा जास्तच घातली जाते. ताशी 100 मिलिमीटरचा धो धो पाऊस धरला तरी 26 गिगाहर्ट्झला किलोमीटरमागे साधारण 16 डेसिबल जातात, म्हणजे 200 मीटरवरच्या टॉवरसाठी तीनेक डेसिबल, ते सोसता येतं. माझ्या मते खरी काळजी गर्दीची आणि ओल्या दगडाची. आणि पर्वण्या 2027 च्या ऑगस्ट-सप्टेंबरातच आहेत त्यामुळे उन्हाळ्यात, रिकाम्या घाटावर मोजून काहीच हाती लागणार नाही.

ट्रान्समीटरबद्दल तर कोणी बोलतच नाही. भर गर्दीत टॉवरचा पॉवर अँप्लिफायर, म्हणजे सिग्नलचा जोर वाढवणारा भाग, पूर्ण लोडवर चालतो, तापतो, जोर वाढवण्याची क्षमता उतरते, सिग्नल वाकडा व्हायला लागतो आणि शेजारच्या चॅनेलमधे घाण पसरते. वेगासाठी 256 क्वाम, म्हणजे एकेका चिन्हात जास्त डेटा भरायची पद्धत वापरायची तर सिग्नलमधली चूक (तांत्रिक भाषेत ईव्हीएम, मतदानयंत्र नव्हे) साडेतीन टक्क्यांच्या आत लागते, कमी डेटा भरणाऱ्या 64 क्वामला 8 टक्के चालते. डेटाशीटवरचे आकडे बरेचदा 25 अंश तापमानाचे असतात, गच्चीवर उन्हात तापलेल्या डब्यातले नसतात. त्यात 26 गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात अँटेना चिपलाच चिकटलेले, केबल लावायला कनेक्टरच नाही, हवेतूनच मोजावं लागतं. 30 सेंटिमीटरच्या अँटेनासाठी नियमाप्रमाणे 15 मीटरच्या पुढे उभं राहून मोजायचं नाहीतर लहरी भिंतींवरून परत न येणारी खास खोली, म्हणजे चेंबर हवा. हे काम एकट्या कॉलेजला झेपणारं नाही हे मान्य, पण मुंबईत समीरसारखी मायक्रोवेव्हवर संशोधन करणारी सरकारी संस्था आहे, नारायणगावजवळ खोडदला जीएमआरटी ही रेडिओ दुर्बीण आहे, अत्यंत क्षीण रेडिओ लहरी मोजणारी माणसं आपल्यापासून चार-पाच तासांच्याच अंतरावर बसलीयत, विचारून तर बघा.

जगदीशचंद्र बोस यांनी 1890 च्या दशकात कलकत्त्यात मिलिमीटरच्या लहरी तयार केल्या आणि मोजल्याही, हॉर्न अँटेना तेव्हाच वापरले. तेव्हा हे आपल्याला जमणार नाही असं कोणी म्हणू नये.

माझं मागणं साधं आहे. महापालिका, कुंभमेळ्याचं प्रशासन आणि नाशिकची इंजिनिअरिंग कॉलेजं यांनी मिळून 2026 च्या पावसाळ्यातच रामकुंड, तपोवन, जुनं नाशिक आणि त्र्यंबकचं कुशावर्त इथे मोजमाप करावं, 2027 च्या जूनमधे सुरू केलं तर उशीर झालेला असेल. श्रावणी सोमवारी त्र्यंबकला गर्दी असतेच, तीच वापरा. प्रयोगासाठी लहरी सोडायला दूरसंचार खात्याचं एक्सपेरिमेंटल लायसन्स लागतं, त्याचा अर्ज सरल संचार पोर्टलवर करता येतो. आणि मोजलेला सगळा कच्चा डेटा, पाण्याची पातळी, पाऊस, तारीख, वेळ, अँटेनाची उंची यासकट सगळ्यांना खुला ठेवा. कंपन्यांनीही तो घ्यावा, त्यावरून टॉवर लावावेत. हरवलेल्या म्हाताऱ्या आईला शोधणाऱ्या माणसाचा फोन त्या गर्दीत लागला पाहिजे, त्यासाठी आत्ता मुलांना उपकरणं घेऊन घाटावर उतरू द्या, आमच्या कॉलेजातली मुलं तयार आहेत.

आपली,
इलेक्ट्रॉनिक्सची एक प्राध्यापिका, नाशिक