सर्दीची गोळी आणि स्टिअरिंग

समृद्धी महामार्गावर चालकांना येणाऱ्या डुलकीविषयीचा रविवारच्या पुरवणीतील लेख वाचला. अपुरी झोप, सरळसोट रस्ता, वेग ही कारणे पटतात. पण सर्दी, शिंका किंवा अंगावर उठणाऱ्या पित्तासाठी सर्रास घेतल्या जाणाऱ्या गोळ्यांचा उल्लेख त्यात हवा होता.

क्लोरफेनिरामिन, डायफेनहायड्रामिन यांसारखी जुनी अ‍ॅलर्जीविरोधी औषधे मेंदूवर परिणाम करतात. अमेरिकेत आयोवा येथे झालेल्या आणि २००० साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात ४० जणांना आळीपाळीने औषधे व मद्य देऊन सिम्युलेटरवर गाडी चालवायला लावली. डायफेनहायड्रामिन घेतल्यावरचे त्यांचे चालवणे मद्य घेतल्यावरच्यापेक्षाही वाईट ठरले. फेक्सोफेनाडिन या नव्या औषधाने मात्र तसा परिणाम दिसला नाही. त्याहून गंभीर बाब अशी की, आपल्याला किती झोप येते आहे यावरून चालवणे किती बिघडले याचा नीट अंदाज बांधता येत नव्हता. ‘मला या गोळीने काही होत नाही’ हा भरवसाच धोक्याचा आहे.

नाकाबंदीतील श्वासतपासणीत मद्य सापडते, गोळी नव्हे. त्यामुळे सावध करण्याची जागा औषधाचे दुकान हीच. ट्रक, एसटी, रिक्षा चालवणाऱ्याने पाकिटावरची बारीक इंग्रजी अक्षरे वाचावीत, ही अपेक्षा चुकीची आहे. ‘गाडी चालवता का?’ असे औषध विक्रेत्याने विचारावे, आणि गुंगी आणणाऱ्या गोळ्यांवर ठळक मराठी सूचना अन्न व औषध प्रशासनाने सक्तीची करून घ्यावी.

– एक वाचक, नाशिक