‘वाय’ दाबण्याआधी पहिला संदेश वाचा

महोदय,

लिनक्सची डिस्क बिघडली की ‘एफएससीके -वाय’ (डिस्क तपासून दुरुस्त करणारा प्रोग्राम, प्रत्येक प्रश्नाला आपोआप ‘हो’ म्हणत) चालवा आणि निवांत बसा, असा सल्ला संगणकविषयक सदरांतून सर्रास दिला जातो. ईएक्सटी४ या लिनक्सच्या प्रचलित फाइलसिस्टीमसाठी (डिस्कवर फाइली मांडण्याच्या पद्धतीसाठी) तो धोक्याचा आहे. ही तपासणी फाइलसिस्टीमचा हिशेब जुळवते. तुमच्या फाइली वाचवणे हे तिचे काम नाही. न जुळणारी नोंद पुसून टाकली तरी हिशेब जुळतोच!

डिरेक्टरी (फोल्डर) ही नावांची आणि आयनोड क्रमांकांची यादी असते; आयनोड म्हणजे फाइलची माहिती ठेवणारी डिस्कवरची नोंद. प्रत्येक नोंदीत ४ बाइट आयनोड क्रमांकाला, २ बाइट नोंदीच्या लांबीला, नावाची लांबी आणि फाइलचा प्रकार यांना एकेक, आणि मग नाव, फार तर २५५ बाइटचे. ब्लॉक ४०९६ बाइटचा असेल तर त्यातल्या नोंदींच्या लांबींची बेरीज ४०९६ च भरली पाहिजे. एक लांबी बिघडली की पुढची नोंद कुठे सुरू होते तेच कळेनासे होते. तपासणी टप्प्याटप्प्याने, फेऱ्यांमध्ये होते; दुसऱ्या फेरीत प्रोग्राम ‘डिरेक्टरी खराब आहे, सावरू का?’ असे विचारतो. हो म्हटले तर पुष्कळदा तिथपासून ब्लॉकच्या शेवटापर्यंतची नावे जातात. मग तिसऱ्या फेरीत पोरक्या झालेल्या उपडिरेक्टऱ्या आणि चौथ्या फेरीत पोरक्या फाइली ‘लॉस्ट+फाउंड’मध्ये जमा होतात, नावाच्या जागी नुसता # आणि आयनोड क्रमांक. पडद्यावर शेकडो प्रश्न, मूळ दुखणे दोन बाइटचे. चौथ्या फेरीतली ‘लिंकची (आयनोडकडे बोट दाखवणाऱ्या नावांची) संख्या चुकली’ ही तक्रारही बहुधा आधीच्या बिघाडातूनच आलेली असते.

चालू, म्हणजे माउंट केलेल्या (वापरासाठी जोडलेल्या) पार्टिशनवर, म्हणजे डिस्कच्या विभागावर, दुरुस्ती करूच नये. रूट (खुद्द लिनक्स असलेले) पार्टिशन असेल तर लाइव्ह पेनड्राइव्हवरून (ज्यावरूनच लिनक्स चालते अशा) मशीन सुरू करावे. आधी डिस्कची तब्येत सांगणाऱ्या ‘स्मार्टसीटीएल’ने पेंडिंग सेक्टर (नीट वाचता न येणारे भाग) पाहावेत. ते वाढत असतील तर दुरुस्ती राहू द्या, ‘डीडीरेस्क्यू’ या प्रत काढणाऱ्या प्रोग्रामने पूर्ण डिस्कची प्रत काढा आणि पुढचे सगळे प्रतीवर करा.

एफएससीकेला ‘-एन’ लावून नुसती पाहणी करता येते, पण त्यात एक मेख आहे. या पर्यायात जर्नल (करायच्या बदलांची आधी लिहिलेली नोंदवही) लागू होत नाही. वीज गेल्यामुळे मशीन बंद पडले असेल, तर ‘-एन’ला दिसणाऱ्या कित्येक चुका प्रत्यक्षात नसतातच. त्यासाठी प्रतीवर ‘-ई जर्नल_ओन्ली’ने फक्त जर्नल लागू करावे आणि मग ‘-एफ -एन’ (सक्तीची तपासणी, बदल न करता) चालवावे. आता जे उरेल तो खरा बिघाड. संशयित डिरेक्टरी ‘डीबगएफएस’ या फाइलसिस्टीम आतून पाहण्याच्या साधनामध्ये ‘एलएस -एल’ने उघडून, आत अजून वाचता येणारी नावे आणि त्यांचे आयनोड क्रमांक उतरवून ठेवावेत, ‘लॉस्ट+फाउंड’मधल्या # क्रमांकांना नावे परत देताना हीच यादी कामी येते.

प्रत्यक्ष दुरुस्ती करताना ‘-झेड’ने अनडू फाइल (बदल मागे घेण्यासाठीची नोंद) ठेवावी, तीही दुसऱ्या डिस्कवर. निकाल पटला नाही तर ‘ई२अनडू’ने मागे जाता येते. हा पर्याय इतका कमी लोकांना ठाऊक असावा याचे नवल वाटते.

दुरुस्तीनंतर लगेच ‘-एफ’ने पुन्हा तपासावे. पार्टिशन मध्ये माउंटही केलेले नसताना नव्याच चुका निघाल्या, तर दोष फाइलसिस्टीमचा नसून रॅम, केबल किंवा कंट्रोलरचा असण्याची शक्यता जास्त. अशा वेळी मेमटेस्ट (रॅम तपासणारा प्रोग्राम) रात्रभर चालू द्यावे आणि तोवर त्या डिस्कवर काहीही लिहू नये.

– एक वाचक, पुणे