पूनमला पत्र

ग्लासगो

चि. पूनम,
अनेक आशीर्वाद.

समाजकार्यात एम.एस.डब्ल्यू. करून व्यसनमुक्तीच्या कामात जायचं म्हणतेस, आणि आई म्हणते, "दारुड्यांच्यात बसून काय मिळवणार?" त्या कामाला अंगी काय लागतं, असं तू विचारलंस. मला आधी तात्याच आठवले.

जोतिबाला दारू सोडायची शपथ घेऊन आले आणि त्या दिवसापासून थेंब घेतला नाही. घरात केवढा आनंद! तिसऱ्या रात्री हात थरथरायला लागले, घामानं बनियन भिजलं आणि ते चादरीवरच्या मुंग्या वेचत बसले. मुंगी एकही नव्हती. काकूनं मीठ-मोहऱ्यांनी दृष्ट काढली. वर्षानुवर्षं रोज पिणाऱ्यानं एकदम दारू तोडली की असा भ्रम होतो, फिट येते, जीवही जाऊ शकतो, हे मला इथे शिकताना कळलं. मी वही बंद करून खूप रडले. ही लक्षणं ओळखून माणसाला तडक डॉक्टरकडे पोहोचवणं आधी शिक. बोलणं त्यानंतर.

आणि बोलायचं तरी किती? विल्यम मिलर या अमेरिकन मानसशास्त्रज्ञानं १९८३ मध्ये एक पद्धत मांडली. हुज्जत घालायची नाही. व्यसन सोडायची कारणं पेशंटच्याच तोंडून येऊ द्यायची. मी एकाला विचारलं, "दारूनं तुम्हाला काय दिलं?" बराच वेळ तो टोपी चुरगाळत राहिला. मग म्हणाला, "झोप." तिथून आमचं काम सुरू झालं. तात्यांना सगळ्या भावकीनं सुनावलं, विचारलं मात्र कुणीच नाही.

जीव द्यायचे विचार येतात का, हेही सरळ विचारायला शिक. विचारल्यानं ते डोक्यात शिरत नाहीत. आणि महाद्वार रोडवर पेशंट समोर आला, तर त्यानं ओळख दिल्याशिवाय आपण द्यायची नाही. आपल्या गावात हे फार जड जाईल बघ, सगळेच एकमेकांचे पाव्हणे!

जमलं तर पुण्याच्या मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्राला जाऊन ये. १९८६ पासूनचं काम आहे, आणि व्यसनातून बाहेर पडलेली माणसंच तिथे इतरांना हात देतात.

त्याआधी रविवारी काकूकडे जा. तात्या गेल्यापासून त्या रात्रीबद्दल ती कुणाशीच बोललेली नाही. चहा घे, जवळ बस. बोलली तर मध्ये तोंड घालू नकोस.

तुझी,
ताई