सिस्टरच्या बैठकीलाही काम म्हणा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

आरोग्याची बातमी म्हटली की नवीन हॉस्पिटल नाहीतर डेंग्यू. पण ठाणे-बेलापूर रोडच्या बाजूला दिघा, रबाळे, तुर्भे इथल्या वस्त्यांमध्ये सिस्टर आणि आशाताई बायकांना एकत्र बसवून जे काम करतात त्यावर कोणी लिहीत नाही, म्हणून हे पत्र. मी रबाळ्याला राहते, आमच्या गल्लीच्या महिला आरोग्य समितीत आहे. 2013 ला नागरी आरोग्य अभियान सुरू झालं त्यातली ही योजना, 50 ते 100 घरांमागे एक समिती.

मागच्या बैठकीत सिस्टरने भाषण दिलंच नाही. फक्त विचारलं, मिठाचा एक किलोचा पुडा तुमच्याकडे किती दिवस जातो? कोणी पंधरा दिवस म्हणाली, कोणी वीस, एक काकू म्हणाल्या मासे धुवायला लागतं ते वेगळं धरा हं. मग तिने तिथेच हिशोब मांडला की माणशी दिवसाला 5 ग्रॅमच्या आत मीठ पाहिजे, म्हणजे चार माणसांच्या घरात महिन्याला 600 ग्रॅम, आणि त्यात पापड, लोणचं, फरसाण सगळं आलं. दोन मिनिटं कोणी काही बोलेना. त्यानंतर बीपी मोजायला ज्या बायका एरवी "मला काय धाड भरलीये" म्हणून निघून जातात त्याच पुढे येऊन बसल्या.

लोहाच्या गोळ्यांचंही तसंच. गरोदरपणात रोज एक, किमान 180 दिवस घ्यायची असते हे कार्डावर लिहिलेलं असतं, पण गोळ्या कपाटात पडून राहतात. एक मुलगी हळूच म्हणाली, शौचाला काळं होतं म्हणून भीती वाटते. सिस्टर बोलायच्या आधीच शेजारची बोलली, अगं मलाही व्हायचं, मी रात्री जेवल्यावर घ्यायचे आणि चहा त्याच्या आसपास प्यायचे नाही. सिस्टरने फक्त मान डोलावली, काळं होणं नॉर्मल आहे, लिंबू पिळून खा एवढं जोडलं. हे ओपीडीच्या दोन मिनिटांत होत नाही हो, तिथे कोणी असलं विचारतच नाही. महाराष्ट्रात 15 ते 49 वयाच्या निम्म्याहून जास्त बायकांना रक्त कमी आहे, राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षण 2019-21 मध्ये 54 टक्के आले होते, आणि गोळ्या तर फुकट मिळतात.

हे काही नवीन नाही. जामखेडला आरोळे डॉक्टर दांपत्याने 1970 पासून गावातल्या बायकांना हाताशी धरूनच काम उभं केलं. झारखंड-ओडिशात एकजूट संस्थेने बायकांच्या दर महिन्याच्या बैठका घेतल्या, तिथे तीन वर्षांत नवजात बाळांचे मृत्यू 32 टक्क्यांनी कमी झाल्याचं 2010 मध्ये लॅन्सेट या डॉक्टरी मासिकात छापून आलं. त्या बैठका चालवणाऱ्या गावातल्याच बायका होत्या, नर्सही नव्हत्या.

आता आमच्याकडची अडचण सांगते. एका सिस्टरमागे साधारण 10 हजार लोकसंख्या, त्यात लसीकरण, सर्व्हे, रजिस्टर, मोबाईलवर एन्ट्री. डोस किती दिले ते वर विचारतात, बैठकीत काय झालं ते कोणी विचारत नाही. म्हणून बैठक उरकली जाते, तीही दुपारी, जेव्हा अर्ध्या बायका घरकामाला नाहीतर एमआयडीसीत गेलेल्या असतात आणि पुरुष तर कधीच नसतात, बीपी-शुगर काय फक्त बायकांना होते का? बसायला जागा नाही, कुणाच्या तरी ओट्यावर बसायचं, पाऊस आला की उठायचं.

महिन्यातून एक बैठक संध्याकाळी सातनंतर किंवा रविवारी ठेवावी, सिस्टरला त्याची बदली सुट्टी द्यावी, पालिका शाळेचा एक वर्ग तासभर उघडा द्यावा आणि त्या दिवशी दुसरा कुठलाही सर्व्हे तिच्या गळ्यात घालू नये. आपण हे छापलंत तर संबंधितांपर्यंत पोचेल. आणि जमलं तर तुमचा वार्ताहर एकदा बैठकीला पाठवा.

आपली,
एक वाचक, रबाळे, नवी मुंबई