पहिली पोय

दिवेआगर,
होळीला आठ दिवस

तीर्थरूप आई-बाबांना शिरसाष्टांग नमस्कार.

बाबा, विहिरीकडच्या रांगेतल्या तिसऱ्या पोफळीला पोय आली, पहिलाच फुलोरा. काल सकाळी शिंपताना बुंध्याशी विरी गळून पडलेली दिसली म्हणून वर पाहिलं, तर पोय उघडलेली. फोन हातात घेतला आणि ठेवून दिला.

गेल्या रविवारी तुम्ही फोनवर "आगरात..." म्हणालात आणि थांबलात. मी घाईनं म्हटलं, "हो, पाणी दिलं." तुम्ही पुन्हा "आगरात..." म्हणालात, तर मी नारळ उतरवल्याचं सांगत सुटलो. मग तुम्ही फोन ताईकडे दिलात. तिच्याकडून कळलं, तुम्हाला विचारायचं होतं, आगरात तू एकटाच राबतोस का? पक्षाघाताच्या झटक्यानंतर तुमचे शब्द उशिरा येतात, तुमची वाक्यं मी पुरी करायची नाहीत, हे मला किती वेळा सांगून झालंय. तरी मी तेच केलं. बाबा, माफ करा.

३ जून २०२०ची संध्याकाळ काल दिवसभर आठवत होती. दुपारी निसर्ग वादळ आपल्याच किनाऱ्यावर चढलं होतं. वारा पडल्यावर आगरात आलो, तर वर आभाळ दिसत होतं. जन्मापासून जे झावळ्यांमधून तुकड्या-तुकड्यांनी पाहिलं, ते एकदम सगळं. पोफळी मधोमध मोडलेल्या, माड आडवे. मी म्हणालो, आता विकून टाकू. तुम्ही काही बोलला नाहीत. खोडं ओढून काढलीत, आणि पाऊस लागल्यावर पोफळीची रोपं आणायची सोडून केळीचे मुनवे लावलेत. वर्ष फुकट घालवताय म्हणून मी किती भांडलो! "आधी सावली, मग रोप," एवढंच म्हणालात. कोवळ्या पोफळीला पश्चिमेचं ऊन सोसत नाही, हे मला पुढच्या पावसाळ्यात रोपं लावल्यावर कळलं. केळीआडची सगळी जगली. कडेची, उघड्यावरची करपली.

तेव्हा तुम्ही एकाहत्तर वर्षांचे होतात. पोफळ धरायला पाच-सहा वर्षं, भरायला आणखी. हा हिशोब मी मनात केला होता, तोंडावर आणवला नाही. तुम्ही तर तो माझ्या आधीच करून बसला होतात, आणि तरी रोज सकाळी पाणी घालत होतात.

आई, तुझ्यावरही मी चिडायचो. १९९७ साली आपल्या गावात पोफळीच्याच आगरात खणताना सुवर्ण गणेशाचा सोन्याचा मुखवटा वर आला, तेव्हापासून तुझी एकही संकष्टी चुकली नाही. २४ मार्च २०१२च्या दरोड्यात दोन पहारेकऱ्यांचा जीव गेला, मुखवटा गेला. पुढे सोनं सापडलं, ते वितळवलेलं. तू मात्र जातच राहिलीस. "आता तिथं आहे काय?" असं मी एकदा विचारलं होतं. तू म्हणालीस, "मी आहे ना. तो यायचा तेव्हा येईल. मी जागेवर असायला हवी." साडेनऊ वर्षांनी, २३ नोव्हेंबर २०२१ला, अंगारकीच्या दिवशी त्याची पुन्हा प्रतिष्ठापना झाली. सगळं गाव रडत होतं, आणि तू दूर्वा निवडत होतीस.

देवावर सोडायचं म्हणजे हात जोडून बसायचं, असं मला वाटे. पण तुम्ही दोघं बसलेले मला कधी दिसलाच नाहीत. बाबांच्या वाचेसाठी मी देवाला तारखा देत आलो. आधी दिवाळी, मग संक्रांत, आता पाडवा. प्रत्येक तारीख गेली की त्याच्यावर रुसायचो आणि तो राग फोनवर तुमच्यावर निघायचा. काल मंदिरात गेलो, नमस्कार केला, आणि पहिल्यांदाच तारीख सांगितली नाही. बाहेर आल्यावर फार हलकं वाटलं.

ही पहिली पोय आहे, धरेल किंवा गळेलही. धरली तर सुपारी पिकायला आठ-दहा महिने आहेतच. केळी अजून ठेवल्यात.

हिनं आमसुलं, कुळथाचं पीठ आणि थोडे पोह्याचे पापड बांधून ठेवलेत. शेजारचे काका परवा ठाण्याला येतायत, त्यांच्याबरोबर पाठवतो. आई, गुडघ्याला तेल लावतेस ना?

बाबा, रविवारी चारनंतर फोन करतो. आगरातलं काम आटपून ओटीवर बसूनच करीन. तुम्ही "आगरात" म्हणा. पुढचा शब्द येईपर्यंत मी ऐकत बसतो.

तुमचा,
बाळ