रान पालथं घालण्याआधी

चि. बाळ,
अनेक आशीर्वाद.

फोनवर म्हणालीस, ‘सुट्टीत जाऊन ती हरवलेली जुनी थडगी शोधते, सगळं रान पालथं घालते.’ घाल, पण आधी कागद पालथे घाल. मृत्यूच्या दाखल्यावर दफनाची जागा कधीकधी लिहिलेली असते. त्याहून माझा भरवसा जुन्या खरेदीखतांवर. शेत विकताना ‘थडग्यांचा तुकडा सोडून’ असं एखादं कलम घरच्यांनी घातलेलं असतं आणि पुढे चतुःसीमाही सापडतात. नकाशांच्या वेगवेगळ्या सालच्या आवृत्त्या शेजारी ठेवून बघ. एकीत असलेली खूण दुसरीत गायब झाली, की तिथेच शोधायचं.

जागा धरणाखाली गेली असेल तरी लगेच हात टेकू नकोस. अमेरिकेत टेनेसी व्हॅली अथॉरिटी या सरकारी संस्थेने १९३० च्या दशकात नॉरिस धरणासाठी हजारो थडगी हलवली, आणि कोणतं कुठून कुठे नेलं याच्या नोंदी ठेवल्या.

जायचं ते पानगळीनंतर, आणि मालकाला विचारून. नाव कोरलेली शिळा शोधत फिरू नकोस. गरिबाच्या उशापायथ्याला नुसते दोन धोंडे असायचे. पेटी कुजली की वरची माती खचते. माणसाच्या लांबीचे, एकाच दिशेचे खळगे ओळीने दिसले, तर बहुधा तीच जागा. अमेरिकेत जुन्या थडग्यांवर व्हिंका मायनर लावत. आपल्या सदाफुलीच्याच कुळातली ही वेल. माणसं निघून गेली तरी ती पसरत राहते.

आता माझा गाढवपणा सांगतो. पुसट अक्षरं दिसेनात म्हणून मी एकदा शिळेवर खडू घासला. दगड भुसभुशीत झालेला. खडू पुसायला गेलो तर अक्षराची कडच बोटाला पिठासारखी लागली. आडनावाचं पहिलं अक्षर माझ्या हातून गेलं. अजून लागतं मनाला. तेव्हा खडू नको, तारेचा ब्रश नको, दाढीचा फेस तर नकोच.

आरसा ने. शिळेच्या बाजूला उभी राहा आणि ऊन दगडावरून जवळजवळ सपाट, घासत जाईल असं पाड. कोरलेल्या रेघांत सावली भरते आणि कोऱ्या वाटणाऱ्या दगडावर अक्षरं उमटायला लागतात. आरसा जरा हलवला की बुजतात, परत आणला की परत दिसतात. तेवढ्यात फोटो घ्यायचा.

हातातला छोटा आरसा पुरत नाही. जुन्या कपाटाच्या दाराचा काढून, कडांना पट्टी चिकटवून ठेवलाय. जाताना घेऊन जा.

तुझे
बाबा