लस नेली रिक्षातून, तीही उन्हात

संपादक महोदय, सप्रेम नमस्कार,

गेल्या मे महिन्यात आईला फ्लूची लस द्यायची होती, डॉक्टर म्हणाले "बाहेरून आणा, मी टोचतो." आम्ही कोपरखैरणेत राहतो, घराजवळच्या मेडिकलमधल्या पोऱ्याने लस साध्या कागदी पिशवीत टाकून दिली, मी रिक्षाने क्लिनिकला, तिथे तासभर लाईन, आणि डॉक्टरांनी हात लावून बघितलं तर कोमट! ती टाकून दिली, पैसे गेले ते गेलेच.

दुसऱ्यांदा लांबच्या मेडिकलमध्ये गेले. तिथले फार्मासिस्ट काका म्हणाले, ताई आधी डॉक्टर आलेत का फोन करून विचारा, मग मी फ्रीजमधून काढतो. लस २ ते ८ डिग्रीतच राहायला हवी म्हणे. थर्माकोलच्या डब्यात आइस पॅक ठेवला, मध्ये पुठ्ठा घातला, कारण बर्फाला चिकटून लस गोठली तरी ती वायाच जाते. हे मला माहीतच नव्हतं, मला वाटायचं जितकं गार तितकं चांगलं. वर पुढच्या वर्षी परत घ्यायची म्हणून डब्यावर महिनाही लिहून दिला.

लहान बाळांच्या लसी महापालिकेच्या केंद्रात फुकट मिळतात, आशाताई घरी येऊन आठवण करतात. म्हाताऱ्या माणसांना कोण विचारतं? इंग्लंडमध्ये २०१५ पासून फ्लूची लस औषधांच्या दुकानातच फार्मासिस्ट टोचतात, अमेरिकेतही तेच, मग आपल्याकडे त्या काकांसारख्यांना ट्रेनिंग देऊन परवानगी का नको?

आता कोणी म्हणेल रिअ‍ॅक्शन आली तर? बरोबर आहे, टोचल्यावर थोडा वेळ बसवून ठेवावं लागतं, आणि आमच्या इथली बरीच मेडिकल म्हणजे एवढासा गाळा, अर्धी जागा डायपर आणि प्रोटीन पावडरने अडवलेली, माणूस बसणार कुठे. तेव्हा सगळ्यांना सरसकट नकोच. पण मुळात काउंटरवर फार्मासिस्ट असायला तर हवा ना! १९४८ चा फार्मसी कायदा आहे, तरी कितीतरी ठिकाणी भिंतीवर फक्त सर्टिफिकेट लटकतंय आणि ज्याच्या नावाचं आहे तो माणूस मी तरी कधी बघितला नाही. एफडीएने, म्हणजे अन्न आणि औषध प्रशासनाने, आधी संध्याकाळी सात ते नऊच्या गर्दीत चार दुकानं न सांगता फिरावीत. जिथे फार्मासिस्ट स्वतः हजर, फ्रीजच्या टेम्परेचरची वही रोज भरलेली आणि पेशंटला बसवायला दोन खुर्च्या आहेत, निदान तिथे तरी मोठ्यांच्या लसी सुरू करून बघा.

- एक वाचक, कोपरखैरणे, नवी मुंबई